कलपाचा ब्रश आणि सोनेरी केस

बोरिवलीतल्या एका बाथरूमच्या खिडकीत सात वस्तू होत्या. साबणाच्या दोन वड्या, पाय घासायची एक वजरी, निळीची बाटली, दाढीचा आरसा, दात तुटलेला कंगवा आणि सगळ्यांच्या मागे, धुळीत आडवा पडलेला मी. मित्रांनो, मी दात घासायचा एक जुना ब्रश आहे.

वसईच्या एका कारखान्यात माझा हिरवा दांडा साच्यातून बाहेर पडला आणि त्यात नायलॉनचे पांढरे तंतू बसवले गेले. भाऊरावांनी मला घरी आणलं. "ब्रश टिकाऊ आहे हं," ते म्हणायचे तेव्हा मी ताठ उभा राहायचो. पुढे माझे तंतू फिसकटले. पण या घरात ब्रश थेट कचऱ्यात जात नाही. मला भाऊरावांच्या मिशांना कलप लावायचं काम मिळालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिशा पांढऱ्याच ठेवायचं ठरवलं आणि माझी कोणाला आठवण उरली नाही. पाल माझ्यावरून जायची, तेवढीच सोबत.

भाऊरावांची मुलगी गंधाली नाचते. आजवर ती सिनेमांतल्या नाचांत मागच्या रांगेत असायची. या वर्षी गोरेगावच्या एका मालिकेत तिला पहिल्यांदाच बोलायचं काम मिळालं, परदेशातून परतलेल्या मुलीचं. तिचे केस तिथल्या लोकांनीच सोनेरी करून दिले. मेकअप सांभाळणारे चंद्रप्रकाश मात्र बजावून म्हणाले, "पुढचं शूटिंग महिन्याने. केस असेच दिसले पाहिजेत, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ."

सोनेरी केस टिकवणं सोपं नसतं. ब्लीचने केसांतला काळा रंग निघून जातो आणि फिकट पिवळा उरतो. असे केस पाण्यात जे असेल ते शोषून घेतात. आमच्या इमारतीला बोअरिंगचं पाणी येतं आणि त्यात लोह आहे. शूटिंग जवळ आलं तोवर केस हळदीसारखे पिवळेजर्द झाले. दर आठवड्याला पार्लरमध्ये जाणं घराला परवडणारं नव्हतं.

"आई, वाट लागली माझी!" गंधाली रडू लागली.

"रडतेस काय? बाबांचे शर्ट पिवळे पडले की मी काय करते? नीळ घालते ना? ये इकडे," मंजुळाबाई म्हणाल्या. त्यांनी मला धुतलं, निळीच्या पाण्यात बुडवलं आणि कानावरच्या एका बटेवर फिरवलं.

बट हिरवी झाली.

भाऊराव दारातून डोकावले. "पवईच्या तळ्यातून वर आलीस काय गं?"

"बाबा, गप्प बसा ना!"

"शर्ट तर कधी हिरवा होत नाही," मंजुळाबाई पुटपुटल्या.

गंधालीचं रडणं थांबलं. "शर्टावर पिवळी झाक जेमतेम असते गं आई. माझे केस केवढे पिवळे आहेत बघ. निळा आणि पिवळा मिसळला की हिरवाच होणार. रंगांच्या चक्रात पिवळ्याच्या समोर जांभळा असतो, पिवळा मारायला तोच हवा!"

बट पुन्हा पुन्हा धुतल्यावर हिरवा गेला. गंधालीने सोनेरी केसांसाठी मिळणाऱ्या जांभळ्या शाम्पूची सगळ्यात छोटी बाटली आणली आणि ती पुरावी म्हणून त्यातला थोडाच घरच्या पांढऱ्या कंडिशनरमध्ये कालवला. यावेळी घाई करायची नव्हती. कंगव्यात आलेले केस तिने जमवले आणि दोऱ्याने त्यांच्या तीन जुड्या बांधल्या.

"गळलेले केस घरात ठेवू नयेत. पुडी करून टाक बघू," मंजुळाबाई ओरडल्या.

"आधी प्रयोग, मग पुडी!"

तिन्ही जुड्यांना मीच लेप लावला. लगेच धुतलेली जुडी पिवळीच राहिली. विसरल्यासारखी ठेवलेली वांग्याच्या रंगाची झाली. थोडाच वेळ ठेवून धुतलेली मधली अगदी हवी तशी सोनेरी निघाली.

मग आम्ही डोक्याकडे वळलो. मित्रांनो, ज्या फिसकटलेल्या तंतूंमुळे माझी पहिली नोकरी गेली होती, त्यांनीच त्या दिवशी कमाल केली. ते केसांत मुळापर्यंत पसरत होते आणि कुठे डाग पडू देत नव्हते. शेवटी भाऊरावांनी फिल्टरचं पाणी तांब्याने डोक्यावर ओतलं. "प्यायचं पाणी केसांना! झकास चाललंय," ते म्हणाले, पण एकही थेंब वाया जाऊ दिला नाही. त्यानंतर गंधालीने केस धुणं कमी केलं आणि उन्हात ओढणी बांधली.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्यापूर्वी ती एकदा हातात घेऊन पाहा. आणि जे डोक्यावर करायचं, ते आधी चार गळलेल्या केसांवर करून पाहा. आम्ही जुने लोक एवढंच मागतो.

शूटिंगच्या दिवशी कपाळावर भुरभुरणारे केस बसवायला गंधालीने मला पर्समध्ये घेतलं. मेकअप रूममध्ये दुसरी मुलगी आधीच येऊन बसली होती. चंद्रप्रकाश गंधालीच्या भोवती फिरले.

"कुठल्या पार्लरला गेली होतीस?"

"घरीच केलं, सर."

"खोटं नको बोलू यार."

"शप्पथ! हा बघा ब्रश." तिने मला सगळ्यांसमोर उंच धरलं.

"दात घासायचा?"

"होता. आता माझा हेअर ड्रेसर आहे."

सगळी खोली हसली, दुसरी मुलगीसुद्धा. माझा दांडा पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखा ताठ झाला. चंद्रप्रकाश मात्र हसले नाहीत. त्यांनी रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढली, ती पहिल्या दिवशीच्या फोटोला लावली, मग खिडकीच्या उजेडात गंधालीच्या केसांना लावली आणि मोठ्याने वाचलं,

"फोटो, नऊ नंबर. केस, नऊ नंबर."