अडखळीचा मंत्र

त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते आलं तेव्हा पंखा लावून बसत होतो. आता अंगात स्वेटर आला होता, आणि पाकीट अजून टेबलावरच्या शब्दकोशाखाली दबलेलंच होतं.

पत्र एका नर्सबाईंचं. आमची ओळख चाहत्यांच्या मासिकपत्रातली. जादूगार मुलींच्या जपानी ॲनिमे मालिकांवर त्यात लोक लिहितात, खरं नाव कुणी देत नाही, पत्रंही मासिकामार्फतच येतात-जातात. मी ‘शिलाई’ या टोपणनावाने लिहायचो. जन्मभर वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवली, म्हणून ते नाव. माझा पहिला लेख आमच्या आवडत्या मालिकेतल्या पाच मुलींपैकी चौथीच्या खांद्यावरच्या फाटक्या केपवर होता. केपला घातलेला टाका आमच्या पुस्तकबांधणीतला आहे, असं मी लिहिलं. नर्सबाईंनी लगेच कळवलं, छे, तो जखमेचा टाका! तिथून आमचा वाद जुंपला, आणि त्या मला ‘ताई’ म्हणू लागल्या. शिवणाचं इतकं बारीक लिहिणारी बाईच असणार, असा त्यांचा होरा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पत्रागणिक ते जड होत गेलं.

आता त्यांनी विचारलं होतं: ‘ताई, हिवाळा सरताना चाहत्यांचा मेळावा आहे, याल ना? आणि तुमची लाडकी कोण, ते तुम्ही कधी सांगितलंच नाही. माझी सगळ्यात धाकटी. मी सत्तेचाळीस वर्षांची, दारातून आडवी होऊन जाणारी बाई, आणि लाडकी कोण, तर दहा वर्षांची काडीपहिलवान! पण घाबरली की ती खिशात मूठ आवळते. वॉर्डात मीही तेच करते.’

माझी लाडकी ती चौथी. चाहते तिला अडखळी म्हणतात. रूप बदलायचं तर मंत्र म्हणावा लागतो, आणि ही पहिल्याच अक्षरावर अडते. एखाद्या दुसऱ्या मालिकेत शेवटच्या भागात तिची जीभ मोकळी केली असती. म्हणजे आधी बरी हो, मग शूर हो. इथे तसं होत नाही. ती अडत अडतच म्हणते, आणि रूप बदलणारा प्रकाश तिच्यासाठी थांबतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चष्मा पुसावा लागला होता. मीही तसाच अडखळतो. मागची खोली मी मागून घेतली होती ती त्यासाठीच. पुस्तकं नाव विचारत नाहीत.

पण पिकल्या केसांच्या पुरुषाने शाळकरी मुलीत स्वतःला पाहावं? बाईंना मी फसवलं असं वाटलं तर? या विषयावर मनातलं बोलावं असं दुसरं माणूस मला नव्हतं.

काल बायकोने शब्दकोड्यासाठी शब्दकोश उचलला.

“हे काय, अजून अंडी उबवताय?”

“उ-उत्तर सुचत नाही.”

तिने उभ्या उभ्या पत्र वाचलं. ‘दारातून आडवी’पाशी खुदकन हसली.

“या बाईला दहा वर्षांची पोर चालते, मग तुमचं काय अडलंय?”

“मी पु-पुरुष आहे.”

“चाळीस वर्षांनी बरं सांगितलंत!”

“आणि म्हातारा.”

“ते दिसतंय. अहो, ती वय कुठे बघतेय? मूठ बघतेय.”

“मेळाव्यात बो-बोलावं लागेल.”

“मग थांबतील. लग्नाला ‘हो’ म्हणायला तुम्ही किती वेळ लावलात? थांबले ना मी?”

ती शब्दकोश घेऊन गेली. टेबलावर पत्र उघडं पडलं. मी पेन उचललं, आणि गंमत म्हणजे हात कुठेच अडला नाही.

‘नर्सबाई, मी ताई नाही. एकाहत्तर वर्षांचा पुस्तकं शिवणारा म्हातारा आहे, बोलताना अडखळतो. म्हणून माझी लाडकी अडखळी. राग आला नसेल तर मेळाव्याला येईन. मला नाव सांगायला वेळ लागेल, तेवढं थांबा. टाका मात्र बांधणीचाच आहे.’

आज सकाळी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट सरकवलं. ते तोंडाशीच अडलं. मी घाई केली नाही. जरा तिरकं केलं, आणि ते आत पडल्याचा आवाज आला.