तेवीस वेळा वाचलेलं दुकान

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे, असं सगळे म्हणतात. ते खोटं आहे. मी जुनी नव्हते, मला जुनी केली. बारा वर्षांपूर्वी लॉर्न पिकेट नावाच्या रंगाऱ्याने पाइनच्या कोऱ्या फळ्या जोडून मला बनवलं आणि रंगाचा पहिला हात देण्याआधी लोखंडी साखळीने बडव बडव बडवलं. तारेच्या ब्रशने खरवडलं, व्हिनेगर पाजलं, कानसीने कोपरे झिजवले. का? तर मी कुणाच्या तरी आजोबांच्या काळापासून दुकानावर लटकते आहे, असं चित्रपटात दिसायला हवं होतं. जन्माच्या दिवशीच जिला म्हातारी केलं, तिच्या तोंडून गोड गोष्टी निघतील अशी आशा धरू नका.

आमचं गाव हार्लो मिल्स, कॅनडाच्या ओंटारियोतलं, नदीकाठचं. इथे नाताळचे चित्रपट काढतात. म्हणून नाताळ दर उन्हाळ्यात येतो आणि दोन-तीनदा येतो. जुलैच्या उकाड्यात रस्त्यावर साबणाचा फेस आणि कागदाचा चुरा पसरतात, त्याला बर्फ म्हणतात. नायिका लाल लोकरी कोटात घामाने निथळत असते, म्हणून कोटाच्या आत गार पिशव्या बांधतात. तिच्या हातातला कॉफीचा पेला रिकामा असतो, तरी ती त्यावर फुंकर घालते. आणि तिच्या पाठीमागे, दुकानावर, मी असते.

दुकान नेहमी पाव-केकचंच. नाव तेवढं बदलायचं. कधी मी 'हिमफूल' झाले, कधी 'लवंग-दालचिनी', कधी 'आजीची भट्टी'. तेवीस चित्रपट, तेवीस नावं, माझ्या अंगावर रंगाचे थरावर थर. गोष्ट मात्र एकच. मोठ्या शहरातली घाईतली पोरगी गावात येते, चौकडीच्या शर्टातल्या सुताराला धडकते, त्याच्या शर्टावर कॉफी सांडते. दुकान बुडायला आलेलं असतं. मग दोघं मिळून बिस्किटं करतात आणि एकमेकांच्या नाकाला पीठ लावतात. चुंबन होणार इतक्यात कुणाचा तरी फोन वाजतो. सत्तराव्या मिनिटाला गैरसमज होतो, ऐंशीव्या मिनिटाला ती गाव सोडून निघते आणि शेवटच्या तीन मिनिटांत गाडी वळवून परत येते. दुकान वाचतं, बर्फ पडतो, संपलं. पहिल्या वेळी मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पाचव्या वेळी कंटाळा आला. दहाव्यानंतर डोक्यात तिडीक जायला लागली. हे लिहिणारा माणूस एकदा माझ्या खालून जायला हवा, खिळे मी स्वतः सैल करीन.

पण माझा राग नुसत्या कंटाळ्याचा असता तर मी तुम्हाला इथे बसवून ठेवलं नसतं.

माझ्या खालचं दुकान खरं होतं. ते नोरीन टॅकबेरीचं. तिची स्वतःची पत्र्याची पाटी होती. चित्रीकरण सुरू झालं की ती उतरवून मागच्या खोलीत पिठाच्या पिंपाला टेकवायचे आणि मला चढवायचे. चित्रीकरण संपलं की ती वर आणि मी पिंपाशी. काचेमागचे नोरीनचे पाव काढून तिथे स्पंजचे, वॉर्निश लावलेले पाव मांडायचे, कारण खरा पाव दिव्यांखाली पुरेसा चकाकत नाही म्हणे. तिची गिऱ्हाइकं तेवढे दिवस मागच्या दाराने येऊन तिचे गोड बटर टार्ट घेऊन जायची.

लॉर्न बारा महिने मागच्याच दाराने यायचा. रोज सकाळी, अकरा वर्षं. ओट्याला टेकून पावाचं टोक कॉफीत बुडवून खायचा, बिजागरी कुरकुरली तर तेल घालायचा आणि जायचा. नोरीनचा नवरा दूर अल्बर्टात तेलविहिरींच्या कामावर गेला तो तिकडचाच झाला, त्याला युगं लोटली होती. लॉर्नने लग्न केलंच नव्हतं. दोघं पन्नाशीच्या पलीकडची. त्याच्या मनात काय आहे ते सगळ्या गावाला कळत होतं, पिंपालासुद्धा कळत असावं.

गेल्या वर्षी जूनमध्ये लॉर्न शिडीवर चढून माझ्यावर तेविसावं नाव रंगवत होता. नोरीन हात पुसत बाहेर आली.

"या खेपेला काय नाव ठेवलंय माझ्या दुकानाचं?"

"'तारकांची भट्टी'."

"बुडतंय का?"

"बुडतंय की. पण वाचतं शेवटी."

"दर वर्षी वाचतं मेलं." ती हसली आणि मग तिचा आवाज उतरला. "माझं नाही वाचायचं, लॉर्न. मनगटं गेली माझी. बर्निसचा नवरा वारल्यापासून ती एकटी पडलीय तिकडे मॉन्क्टनला, सारखी ये म्हणते. सप्टेंबरअखेर जाईन म्हणतेय." बर्निस म्हणजे तिची धाकटी बहीण.

ब्रश थांबला. "कायमची?"

"कायमची. कुणी थांब म्हटलं, तर बघीन." तिने मान वर केली. "बघू, कुणी म्हणतंय का."

मित्रांनो, याहून सरळ कुणी काय बोलायचं? लॉर्न माझ्याकडे बघत राहिला, तिच्याकडे नाही. म्हणाला, "इथे अजून एक हात द्यावा लागेल." आणि रंगवत बसला. नोरीन आत गेली. मला हात असते तर रंगाचा डबा त्याच्या डोक्यावर ओतला असता.

दुसऱ्या दिवशी मला उतरवून चित्रपटाच्या सजावटीच्या शेडमध्ये वाळत ठेवलं होतं, तेव्हा कारण कळलं. सजावटीची मुख्य शेल्बी, तोंडाने फटकळ, काम करता करता त्याला म्हणाली, "नोरीन चाललीय म्हणे. सांगून टाक ना तिला."

"सांगणार आहे."

"मग आज सांग."

"आज कसं? वेळ आलेली नाही अजून."

"आणि कधी येणार आहे ती वेळ?"

"जायच्या दिवशी. ती गाडीत बसून निघाली ना, की मग."

शेल्बीने हातातला स्पंजचा पाव त्याला फेकून मारला. "अरे, हे आपण बनवतो. तू आणि मी. बाकीचे फसले तर फसले, तू तरी फसू नकोस रे बाबा."

"बावीस वेळा बघितलंय मी, शेल्बी. एकदा तरी चुकलंय का?"

तो थट्टा करत नव्हता. अकरा वर्षं साबणाच्या फेसात उभं राहून त्याच्या डोक्यात एवढं एकच पक्कं बसलं होतं, की बाई निघेपर्यंत बोलायचं नसतं आणि निघाली की ती वळतेच. मी त्या नाटकात पाठीमागे लटकून मान डोलावली होती, म्हणून राग माझा मलाही येतो.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. नोरीनने भट्टी विकली, मोठा मिक्सर शाळेला देऊन टाकला. सामान बांधायला लॉर्न स्वतः आला. तीन दिवस खोकी बांधली आणि प्रत्येकावर सुरेख अक्षरांत लिहिलं: भांडी, रजया, हिवाळी कपडे. ती टेप कापून देत होती आणि तो चिकटवत होता. पिंपाशी उभी राहून मी बघत होते आणि जळत होते.

निघायच्या दिवशी सकाळी त्याने मला गाडीत घातलं. आदल्या दिवशी माझ्या कोऱ्या पाठीवर त्याने लिहिलं होतं, 'नोरीन, जाऊ नकोस. थांब.' मित्रांनो, तेवीस नावांत इतकं देखणं अक्षर त्याने कधी काढलं नव्हतं. आमच्या गावाबाहेर दगडी पूल आहे. तेवीसच्या तेवीस नायिकांच्या गाड्या तिथूनच मागे वळल्या होत्या. तिथे मला छातीशी धरून तो उभा राहिला.

नोरीनची गाडी आली, थांबली, काच खाली झाली. तिने वाचलं.

"छान रंगवलंयस," ती म्हणाली.

"थांब, नोरीन."

"जूनमध्ये विचारलं होतं मी."

"माहितीय."

"खोकी बांधायला आलास तेव्हा वाटलं, आता बोलशील. प्रत्येक खोक्याला वाटलं रे."

"म्हणून तर आलो ना. वेळेवर आलो."

तिने डोळे पुसले, पण गाडी बंद केली नाही. "दुकानाची किल्ली देऊन झाली, लॉर्न. बर्निसने भिंत पाडून माझ्यासाठी भट्टी बसवलीय. आज रात्री ती जेवायची थांबेल. तुझ्या त्या सिनेमातल्या पोरींची पलीकडे कुणी वाट बघत नसतं, म्हणून त्या वळतात."

तो एवढंच म्हणाला असता, 'मग मीही येतो,' तर तिने शेजारच्या जागेवरची पिशवी मागे टाकली असती. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या गोष्टींत पुरुष कधी गाव सोडत नाही. तो उभा राहतो आणि बाई वळते. दुसरं वाक्य त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. नोरीनने क्षणभर वाट पाहिली आणि काच वर केली.

गाडी पूल ओलांडून गेली. चित्रपटात ती वळायला मिनिटभर लागतं. लॉर्न मला धरून संध्याकाळपर्यंत तिथे उभा होता.

दुकान आता चित्रपटवाल्यांनी कायमचं घेतलं आहे. आत भट्टी नाही, पीठ नाही, बारा महिने स्पंजचे पाव मांडलेले असतात. लांबून लांबून माणसं येतात, माझ्याखाली उभी राहून फोटो काढतात आणि किती गोड जागा म्हणतात. चोविसावं नाव दुसऱ्याने रंगवलं, कारण लॉर्न आता फक्त कुंपणं रंगवतो. माझी पाठ पुसायची हिंमत शेल्बीला झाली नाही. ती पाठ आता भिंतीकडे आहे. समोरची चोवीस नावं खोटी आणि मागची एक ओळ खरी, ती वाचायला कुणी नाही.

मला धूळ झटकून नीट ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. उद्या उतरवून शेकोटीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. माणसाला जपा. बोलायचं ते त्याने विचारलं त्याच दिवशी बोला, कारण तुमच्यासाठी शेवटची तीन मिनिटं कुणी राखून ठेवलेली नाहीत. आणि हार्लो मिल्समध्ये कुंपण रंगवणारा एक उंच, पाठीत वाकलेला माणूस दिसला, तर माझा एक निरोप द्या. मला बोलता येत नाही, लोक लिहितील तेवढंच माझं बोलणं. त्याला म्हणावं, मॉन्क्टन एका दिवसाच्या रस्त्यावर आहे, आणि या खेपेला गाडी काढायची आहे ती त्याने.