रुमालाखालचा निरोप

"उद्या पहाटे पाच! घाट नंबर तीन! अहो, तीऽऽन! आणि एकदम गुप्त ठेवा!"

तहसीलदार साहेब झुंबरबाईच्या चहाच्या टपरीसमोरच्या पारावर चढून ओरडत होते. हातात सरकारनं दिलेला नवा फोन. त्यातलं बोलणं म्हणे कुलूपबंद होऊन जातं, मधल्या मधे कुणाच्या बापालाही कळत नाही. फक्त ऑफिसात त्याला रेंज नव्हती. ती पारावर यायची. तिथंही पलीकडच्याला आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जायचा, म्हणून ओरडावं लागायचं.

शिपाई जालिंदर खाली उभा राहून फोनची रिकामी पेटी सांभाळत होता. पेटीवर लाल अक्षरांत 'गोपनीय'.

दुसऱ्या दिवशी पहाटे साहेब वाळूचोरांना धरायला घाटावर पोचले, तर ट्रॅक्टरचं चाकसुद्धा नाही. नदीकाठी खुर्च्या मांडलेल्या आणि वाळूवाला ज्योतिबा थर्मास घेऊन उभा.

"या साहेब. लई उशीर केला राव, पोहे गार झालं."

ऑफिसात परतल्याबरोबर साहेबांनी जालिंदरला समोर उभं केलं.

"फोन फुटणं शक्य नाही, इंजिनिअरनं लिहून दिलंय. म्हणजे माणूस फुटला. पेटी कुणाकडे होती?"

"माज्याकडं. पर पेटीत फोन नव्हता, साहेब."

"ज्योतिबा तुझ्या बेल्हे गावचाच ना?"

"निम्मी बैलं बी बेल्ह्याचीच हायेत, साहेब."

"मेमो काढतो तुला!"

एकतीस वर्षांत जालिंदरनं बंद पाकीट कधी उजेडाकडं धरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. रिटायर व्हायला बारा दिवस उरले होते, आणि आता 'फुटका माणूस' म्हणून घरी जायचं? पण साहेब, तुमीच वरडता, हे शिपायानं सांगायचं कसं?

ते झुंबरबाईनं सांगितलं. चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "साहेब, पुढच्या आठवड्यात पुन्यांदा त्याच घाटावर जायाचं ना? पंधरा मानसं म्हनत व्हता मगाशी पारावरनं. डबं करू का?"

साहेबांचा हात लागून चहा फायलीवर सांडला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवो, तुमीच की! एस्टीचा हॉर्न ऐकू येत न्हाई तुमच्यापुढं."

साहेबांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग बारीक आवाजात म्हणाले, "जालिंदर, मग निरोप द्यायचा कसा?"

जालिंदरनं खांद्यावरचा रुमाल काढून झटकला. त्याचा बाप बैलबाजारातला दलाल होता, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा.

दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बैलबाजार होता. धाडीची माणसं गोळा करणारे भिमाजी भाऊसाहेब तिथं खोंड बघायला आले होते, आणि ज्योतिबा त्यांच्यामागं दोन पावलांवर. बाजारात कुजबुजलं की चार कान आपोआप जवळ येतात. रुमालाखाली हात गेले की मात्र सगळे मान वळवतात. तिथला सौदा दोघांचाच, बघणं पाप.

जालिंदरनं भिमाजींच्या हातावर रुमाल टाकला. आधी तीन बोटं दाबली, मग पाच, आणि वर नदीकडं मान हलवली. भिमाजींच्या भुवया उडाल्या.

"जमलं का?" ज्योतिबानं दुसरीकडं बघतच विचारलं.

"जमलं," जालिंदर म्हणाला. "उद्या दात बघून घेऊ."

पहाटे पाचला घाटावर सात ट्रॅक्टर सापडले. ज्योतिबा बनियनवर, डोळे चोळत उभा.

"साहेब," तो फार दुखावल्या आवाजात म्हणाला, "आज फोन न्हाई केला?"

मेमो साहेबांनी स्वतः फाडला. कुलूपबंद फोन कागद उडू नयेत म्हणून टेबलावर आला. त्या कामाला त्याला रेंज लागत नव्हती.

निरोप समारंभाला साहेबांनी जालिंदरच्या खांद्यावर शाल घातली. भाषणाला उभे राहिले, घसा खाकरला, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज निघेना. मग त्यांनी शालीखाली हात घालून जालिंदरचा हात धरला आणि बोटं दाबली.

ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"किती बोटं दाबली रं?" ड्रायव्हर संपतनं बाहेर आल्यावर विचारलं.

"रुमालाखालचं भाईर सांगत न्हाईत, राव."

एस्टी येईपर्यंत जालिंदरचा उजवा हात शालीतच होता.