रांगेतला बेचाळिसावा

माझ्या आजोबांनी माळावरच्या जुन्या दगडांच्या रांगेतून एक दगड घोड्याला जुंपून ओढून आणला आणि त्याचा फाटकाला खांब केला. इंग्लंडातल्या आमच्या डार्टमूरच्या माळावर यात कुणाला वावगं वाटत नसे. चार हजार वर्षं उभा राहिलेला दगड फाटकही नीट तोलेल, असं ते म्हणायचे.

माझ्या बायकोला, एव्हिसला, मात्र ते लागलं. लग्न होऊन आली त्याच वर्षी ती दगड मोजत रांगेच्या टोकापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, "एक्केचाळिसाव्यानंतर मोकळी जागा आहे. तिथला दगड आपल्या फाटकाला आहे. परत ठेव, विल्फ."

"गवत कापून झालं की ठेवतो," मी म्हणालो. हे चव्वेचाळीस वर्षं चाललं.

मार्चमध्ये ती गेली. या वर्षी गवत कापून झाल्यावर मी शेजारच्या क्लेमचा ट्रॅक्टर मागितला.

"ती होती तोवर ऐकलं नाहीस," क्लेम म्हणाला. "आता ऐकतोस होय?"

"तू साखळी धर."

दुपारपर्यंत दगड उभा झाला. तिथल्या जुन्या घराच्या गोल जोत्यावर बसून आम्ही मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी खाल्ल्या.

"वाकडा आहे," क्लेम म्हणाला. "ही रांग लावणाऱ्यांनी तुला कामावर ठेवलं नसतं."

तिसऱ्या आठवड्यात पुरातत्त्वाच्या कचेरीतून मिस प्राउज आल्या. मी आणि क्लेम त्यांच्याबरोबर वर गेलो.

"मिस्टर हॅनाफर्ड, हा दगड इथं कुणी लावला?"

"पहिल्यांदा की आत्ता?"

त्या हसल्या नाहीत. "संरक्षित जागेत विनापरवाना खणणं गुन्हा आहे."

"आजोबांनी नेला तेव्हा?"

"तेव्हा कायदा नव्हता. शिवाय तुमच्या फाटकाचा खांब आमच्या यादीत आहे, ऐतिहासिक म्हणून. तोही तुम्ही हलवलात."

म्हणजे दगड चोरून आजोबा इतिहासात गेले आणि परत करून मी गुन्हेगार झालो.

"हा काढावा लागेल," त्या म्हणाल्या.

"माझ्या बायकोनं एवढं एकच मागितलं होतं," मी म्हणालो.

क्लेमनं घसा खाकरला. "साखळी आणू का, बाई?"

"हात लावू नका. काढायचा म्हणजे पुन्हा खणायचं. आधी परवानगी, मग पाहणी, मग समिती."

"किती दिवस?"

"दोन-तीन वर्षं. अर्ज यांनी करायचा." त्यांनी मला चार पानी कोरा अर्ज दिला. "तोपर्यंत दगडाला कुणीही हात लावायचा नाही. तुम्ही तर नाहीच."

"अर्जाला मुदत?" क्लेमनं विचारलं.

मिस प्राउजनी अर्ज परत घेतला, उलटून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा माझ्या हातात ठेवला. "लिहिलेली नाही," त्या म्हणाल्या आणि सावकाश पिशवी आवरू लागल्या.

एव्हिस असती तर तिनं त्याच संध्याकाळी तो अर्ज भरून पाठवला असता. कागदपत्रांच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. मी तसा नाही.