आगाऊ कळवलेला प्रश्न

आमच्या प्रांतसभेत प्रश्न अचानक विचारत नाहीत. तीन दिवस आधी, दुपारी बाराच्या आत, तो लिहून सरकारला कळवायचा. मग त्या खात्याचा माणूस सभासदाच्या कचेरीत येतो, नेमकं काय विचारायचंय ते समजून घेतो आणि उत्तर तयार करतो. सभेच्या दिवशी दोन्ही बाजू आपापला कागद वाचतात. समोरच्याला चारचौघांत अडकवणं आमच्याकडे असभ्य मानतात. शिनोमिया-सेन्सेई या सभासदबाईंच्या कचेरीत सात वर्षं मी या चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्यात काही वावगं असेल असं कधी मनातही आलं नाही.

त्या वेळचा प्रश्न मीच शोधून आणला होता.

आमच्या राहत्या इमारतीच्या मागे काजितानी-सानचा कारखाना आहे. नळ, बिजागऱ्या, सायकलच्या घंट्या यांच्यावर ते मुलामा चढवतात. चार हौद, दोन पंखे, ॲसिडचा वास. माणसं म्हणजे ते स्वतः, त्यांची बायको, एक जुने कारागीर आणि व्हिएतनामहून आलेली थोआ.

माझी मुलगी नागी झाली तेव्हा पहिले महिने मी अगदी एकटी होते. जेवणाच्या सुट्टीत थोआ मागच्या कुंपणाशी यायची, हात साबणाने तीनदा धुऊन, आणि म्हणायची, "द्या हो नागीची आई, मी धरते. तुम्ही कपडे वाळत घाला." नागीला घेताना ती आधी तिचं डोकं हुंगायची. तिचा खोई दीड वर्षाचा असताना ती त्याला आईपाशी ठेवून आली होती. आता तो सात वर्षांचा आहे. फोनवर तो तिला गणितं घालतो आणि ती मुद्दाम चुकते.

खोईला आणायचं तर थोआला वरच्या पातळीचा कौशल्य-परवाना हवा होता. परीक्षा ती पास झाली होती. फक्त प्रांताची शिफारस बाकी होती, आणि घोडं तिथंच अडलं होतं. छोट्या धंद्यांना करात सूट हवी तर कारखान्यात तीनच माणसं असावी लागतात. वरच्या परवान्याचा परदेशी कामगार ठेवायचा तर निदान चार. एका खिडकीवर काजितानी-सानच्या बायकोला घरची धरून तीन लिहायला लावलं, दुसऱ्या खिडकीवर कामाची धरून चार. दोन्हीकडे कारकुनांनीच सांगून लिहून घेतलं होतं.

"सूट गेली तर कारखाना बंद," काजितानी-सान म्हणायचे, "आणि सूट ठेवली तर थोआ-चान बंद. बायकोला अर्धी कापून दोन्हीकडे देऊ का?"

सेन्सेईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "हाच प्रश्न. तिसऱ्या क्रमांकावर घे. कारखान्याचं नाव मात्र घालायचं नाही."

मी नाव घातलं नाही.

चिठ्ठी गेली त्याच दुपारी खात्याचे उसामी-सान आले. सेन्सेई बैठकीला गेल्या होत्या. उसामी-सान पन्नाशीचे, आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकून ऐकायचं. त्यांनी माझ्या टेबलावरचा फोटो पाहिला.

"कन्या? केवढी झाली?"

"दीड वर्षाची."

"म्हणजे तुम्हाला साडेपाचच्या आत पाळणाघर गाठायचं असणार. मी फार वेळ घेत नाही." त्यांनी पेन्सिल काढली. "उदाहरण मोघम असलं की उत्तरही मोघम निघतं. आपल्या सेन्सेईंचा अवमान व्हायला नको. नाव राहू द्या. धंदा तेवढा कोणता?"

मुलामा चढवण्याचा, मी सांगितलं. प्रांतात तसे पन्नास तरी कारखाने असतील.

"नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे."

"आणि कामगार पुरुष की बाई? शिफारशीचा कागद वेगळा असतो, म्हणून विचारलं."

वेगळा नसतो. पण त्या क्षणी मला उत्तर चांगलं यावं एवढंच हवं होतं. नीट कळलं तर नीट उत्तर देतील, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं.

"बाई," मी म्हणाले.

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, चहाचा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि दारात थांबून वाकून नमस्कार केला. "फार मदत झाली आपली."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नागीला घेऊन कुंपणाशी गेले, तर काजितानी-सान हौदापाशी नव्हते. बाहेर उलट्या बादलीवर बसले होते.

"सरकार आलं होतं," ते म्हणाले. "दोघं. जन्मात पहिल्यांदा सरकारनं माझ्या दारात जोडे काढले. पाटीचा फोटो काढला, आतल्या चपला मोजल्या. बायको चहा घेऊन गेली तर तिला विचारतात, आपण इथं कामाला की घरच्या? ती म्हणाली, चाळीस वर्षं मलाही ते कळलेलं नाही."

ते हसले. मला हसू आलं नाही. चपला म्हणजे आत किती माणसं राबतात त्याचा हिशोब.

"थोआशी बोलले?"

"तिला बाजूला घेऊन बोलले. आम्हाला बाहेर पाठवलं."

थोआ आत बिजागऱ्या धूत होती. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो. मी नीट उत्तर दिलं. तुम्ही काळजी करू नका." आणि नागीला घ्यायला हात पुढे केले, पण ते धुवायचे राहिले होते. ते लक्षात येऊन तिनेच हात मागे घेतले.

मी सेन्सेईंकडे गेले. प्रश्न मागे घ्या म्हणाले. उसामी-सानना मी काय काय सांगितलं तेही कबूल केलं.

"आता मागे घेतला तर त्यांना कळेल की दुखतं कुठे," त्या म्हणाल्या. "विचारला तर निदान नोंद होईल. ओरिहारा-सान, एकदा सभेच्या नोंदीत आलं की ते कुणाला पुसता येत नाही."

हे त्या मला धीर द्यायला म्हणाल्या होत्या.

सभेच्या दिवशी थोआ अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली. काजितानी-सानच्या बायकोचा काळा कोट तिनं घातला होता. बाह्या आखूड होत होत्या. "माझ्याबद्दल सरकार बोलणार आणि मी ऐकायचं नाही?" ती म्हणाली. वर प्रेक्षकांच्या सज्जात आम्ही दोघीच होतो, आणि दाराशी एक पहारेकरी. भिंतीवर नियम लावलेले: बोलू नये, टाळ्या वाजवू नयेत, उभे राहू नये. थोआनं ते ओठ न हलवता सगळे वाचले.

सेन्सेईंनी प्रश्न छान विचारला. एका हाताने सरकार म्हणतं लहान राहा, दुसऱ्या हाताने म्हणतं मोठे व्हा. मग अशा कारखान्यांनी आणि तिथं राबणाऱ्या कुशल माणसांनी करायचं काय? दोन-तीन सभासदांनी माना वर केल्या. थोआनं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत आणि गरम होता.

विभागप्रमुख उठले. त्यांच्या मागच्या रांगेत उसामी-सान बसले होते, मांडीवर हात ठेवून.

"सन्माननीय सभासदांनी जिचा उल्लेख केला, त्या आस्थापनेला खात्याने प्रत्यक्ष भेट दिली," विभागप्रमुख वाचू लागले. "कामगारांच्या संख्येत दोन अर्जांत तफावत आढळली आहे. करसवलतीचा फेरविचार सुरू आहे. परदेशी कामगाराच्या बाबतीत, सदर महिलेला रोजच्या व्यवहारातल्या साध्या प्रश्नांचीही उत्तरं आपल्या भाषेत देता आली नाहीत. सबब वरच्या पातळीच्या शिफारशीचा विचार करता येत नाही. नियमांत विसंगती असल्याचं खात्याला आढळत नाही."

खाली बसलेली लघुलेखिका लिहीत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही.

मी थोआकडे पाहिलं. ती मुलगी काजितानी-सानला रोज दोन टोमणे मारते, बाजारात भाव पाडून आणते, नागीला आमच्या गावच्या बोलीत अंगाई म्हणते.

"असं काय सांगितलंस त्यांना?" मी कुजबुजले.

"त्यांनी विचारलं, आतली माहिती सेन्सेईंकडे कोण नेतं. कुंपणाशी कोण बाई येते. तिला लेकरू आहे का." तिची नजर खालीच होती. "मी म्हटलं, भाषा येत नाही. जे विचारलं त्याला तेच. येत नाही, येत नाही. तुमची नोकरी गेली असती ना, नागीची आई."

उसामी-सानना मी तीन उत्तरं दिली होती, तीही न अडखळता. ते तिला सांगायचं होतं.

खाली अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. सेन्सेई अजून उभ्याच होत्या, हातात कागद. त्यावर यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

पहारेकरी आमच्याजवळ आला, खाली वाकला, ओठांवर बोट ठेवलं. "बाई, इथं बोलायला परवानगी नाही."

थोआ बसल्या जागी ताठ झाली. मग मान लववून, आमच्या भाषेतल्या सगळ्यात आदबशीर शब्दांत, एकही स्वर न चुकता म्हणाली, "क्षमा असावी. आमच्यामुळे आपल्याला नाहक तसदी झाली. पुन्हा असं होणार नाही."

"हरकत नाही," म्हणत तो आपल्या जागी परत गेला.