सहा किलोमीटर, तीस दम

मुलांनो, जरा कल्पना करा. जाड बांबूचं एक टोक तुमच्या खांद्यावर आहे, दुसरं पुढच्या माणसाच्या. मधल्या झोळीत आजारी माणूस, आणि पायाखाली निसरडी उतरण. खांदा सोलवटेपर्यंत किती चालाल? झोळी उचलल्यापासून खाली टेकवेपर्यंतच्या अंतराला त्या डोंगरावरचे लोक एक दम म्हणत.

झोळीवाल्याने वीस वर्षं हेच काम केलं होतं. वस्तीत कुणाचं दुखलंखुपलं की त्याला हाक. खालचा गाडीरस्ता तीस दमांवर आहे, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

त्या सकाळी झोळीत त्याचीच बायको होती. पहाटेपासून अडलेली. त्याने फोन लावला, तेव्हा रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने रस्ता किती लांब आहे ते विचारलं.

"तीस दम."

"मामा, मला दम नका देऊ. किलोमीटर सांगा, नाहीतर तास."

पाचवीतल्या लेकीने फोन घेतला. गुरुजींनी साखळी धरून ती वाट मोजली, तेव्हा दुसरं टोक तिच्याच हातात होतं. सहा किलोमीटर. माणूस तासाला चार किलोमीटर चालतो, असं पुस्तकात होतं. "दीड तास," ती ठामपणे म्हणाली. दीड तासाने रस्त्यावर येतो, फार तर आणखी अर्धा तास थांबेन, मग दुसरा पेशंट आहे, असं ड्रायव्हरने सांगितलं.

झोळीवाल्याला तिथेच खटकलं. दीड तास रिकाम्या खांद्याच्या माणसाचा. तीस दमही चौघांचे, जोडीजोडीने आलटूनपालटून. त्यातले दोघे महिन्यापूर्वीच कामासाठी डोंगर उतरून गेले होते. आज तो आणि शेजारी, एवढेच. पण पोरीने हिशेब किती चटकन केला, या कौतुकात क्षण निघून गेला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावावा असं त्याच्या मनात आलं, इतक्यात बायको कण्हली आणि त्याने बांबू उचलला. वाटेवर फोन लागत नसे.

सुरुवातीला बायको टोमणे मारत होती. "लोकांच्या बायका फुलासारख्या नेता म्हणे. मलाच बरे हिसके."

लेक पाण्याची बाटली घेऊन मागून दम मोजत होती. तिसावा झाला, तेव्हा निम्मी वाटही सरली नव्हती.

"बाबा, तीस झाले. रस्ता कुठाय?"

"चाल."

त्रेपन्नाव्या दमाला बायकोने पाणी नको म्हटलं. साठाव्याला काहीच म्हटलं नाही.

रस्ता आला एक्क्याऐंशीव्या दमाला. मातीत टायरच्या ताज्या खुणा होत्या. शेजाऱ्याने चादर तिच्या तोंडावर ओढली.

लेकीने कितीतरी दिवस वही उघडली नाही. शेवटी तिने विचारलं, "माझं गणित चुकलं ना?"

"नाही. किलोमीटर कुणीही चालो, तेवढाच भरतो. दम माणसं बघून लांबतो, आखडतो. त्याचे तास करायचे तर आधी माणसं मोजावी लागतात. हे तुला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी बोललो नाही."

एवढं सांगून तो बांबूला तेल लावत बसला.

महिन्याभराने शेजाऱ्याची आई तापाने फणफणली. फोनवर तोच ड्रायव्हर होता, किती वेळ लागेल विचारत होता. झोळीवाल्याने फोन लेकीपुढे धरला. तिने तो घेतला नाही. ती आधी अंगणात गेली. दारातल्या बापापासून सुरुवात करून झोळीपाशी उभ्या माणसांकडे बोट करत तिने मोजलं. एक, दोन, तीन. तिसरा, कामावरून नुकताच परतलेला, जरा लंगडत होता. त्याला तिने अंगणभर चालून दाखवायला लावलं. मग ती आत आली आणि तिने फोन कानाला लावला.