तोंड समोर की आकाशाकडे

चंडीगडच्या महाराष्ट्र मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत खालचा सूर कोण धरणार, एवढाच प्रश्न होता. रघुवीर साबळ्यांना मात्र तो जन्ममरणाचा वाटत होता. लष्करी बँडमधून निवृत्त होऊन ते तिथल्याच एका शाळेत बँड शिकवत, स्वतः ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवत. आणि यंदा मिरवणूकप्रमुख रत्नप्रभाबाईंनी लग्नाच्या बँडातला गुरनाम ठरवला होता, सूझाफोनसकट.

"त्याचं वाद्य अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर बसतं," बाई म्हणाल्या. "चालायला सोपं. तुमचा ट्यूबा मांडीवर घ्यायचा."

"पट्ट्यानं अडकवीन. नळी उलगडली तर दोन्ही साधारण सारखीच, वहिनी. फरक तोंडाचा. सूझाफोनचं तोंड समोर, म्हणून तो माणसाच्या अंगावर येतो. ट्यूबाचं आकाशाकडे, सूर वर जातो, गोल होऊन उतरतो. शिवाय बँड पुढे, बाप्पा मागे. सूझाफोन सगळं ट्रॅफिक पोलिसाला ऐकवणार."

"दोघं वाजवा. ज्याचा आवाज मला मागे ट्रकवर ऐकू येईल, तो पुढच्या वर्षी. दुसरा प्रसादवाटपाला."

मिरवणूक घग्गर नदीकडे निघाली. गुरनामनं फुंकर मारली तशा दुकानांच्या काचा थरथरल्या. साबळ्यांचा सूर खरोखरच गोल होता. तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या पंजाबी आज्या कौतुकानं बाल्कनीत आल्या. मंडळानं त्यांना गुलाल उधळायला शिकवलं होतं, नेम धरायला शिकवायचं राहिलं होतं. पिशव्या रित्या झाल्या. मागोमाग झेंडू, बत्तासे. रस्त्यात वर तोंड केलेली वस्तू एकच होती.

सुराला आधी सर्दी झाली, मग दमा.

"साबळेजी, उल्टा कर लो," गुरनाम कळवळून म्हणाला.

"चालता बँड थांबत नाही," साबळे म्हणाले, आणि छाती भरून त्यांनी फुंकलं. लाल ढग वर गेला, गोल झाला आणि त्यांच्याच डोक्यावर उतरला. पुढे आवाज नाही.

बाईंनी ट्रक थांबवला. चौघांनी ट्यूबा उपडा करून झटकला. साबळ्यांना बाप्पाच्या पायाशी बसवलं, आणि परत गुलाल नको म्हणून बाईंनी आपली उन्हाची छत्री ट्यूबाच्या तोंडावर धरली. साबळ्यांनी जीव ओतला. सूर छत्रीवर आपटला आणि आकाशाचा नाद सोडून थेट बाईंच्या कानात शिरला.

"ऐकू येतंय का, वहिनी?"

बाईंचे दोन्ही हात छत्रीला गुंतले होते.

"येतंय हो. पुढच्या वर्षी तुम्हीच. छत्री गुरनाम धरेल."